वेग कुणाचा मोजायचा?



नोव्हेंबर २०२४ मध्ये इंटेलच्या एका स्वयंचलित यंत्रणेने लिनक्सच्या विकासकांना अहवाल पाठवला. ही यंत्रणा लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर, रात्रंदिवस चाचण्या चालवत असते. मेमरी व्यवस्थापनाच्या कोडमध्ये एका ओळीत एक जादा अट घातली गेली होती आणि तेवढ्याने एका चाचणीचा वेग ३८८८.९ टक्क्यांनी वाढला होता. दशांश चिन्हाची जागा चुकली नव्हती. तंत्रज्ञानाच्या जगात बातमी बघता बघता पसरली : एका ओळीने चाळीस पट वेग!

आकडा खरा होता. तरीही त्या दिवशी जगातला कुणाचाही संगणक चाळीस पट वेगवान झाला नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं शक्य आहे, हे समजून घेतलं तर मेमरी व्यवस्थापनातल्या बदलांचं मोजमाप इतकं अवघड का असतं ते कळतं. या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. फोनवर एकाच वेळी पंधरावीस अ‍ॅप्स उघडी असतात आणि प्रत्येकाला वाटत असतं की सगळी मेमरी आपलीच. हा भास कर्नल निर्माण करतं. मेमरीचे ४ किलोबाइटचे तुकडे पाडून, त्यांना पेज म्हणतात, कुठल्या अ‍ॅपचं कुठलं पेज प्रत्यक्ष चिपवर कुठे आहे याचा तक्ता ते ठेवतं. हा तक्ता दर वेळी चाळणं परवडत नाही, म्हणून नुकत्याच लागलेल्या नोंदी ठेवायला प्रोसेसरच्या आत एक छोटी, अतिवेगवान जागा असते. तिचं नाव टीएलबी. इंटेलच्या स्कायलेक पिढीत दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १५३६ नोंदी मावतात. गुणिले ४ किलोबाइट, म्हणजे सगळे मिळून ६ मेगाबाइट. आजच्या ब्राउझरचा एक टॅबही याहून कितीतरी जास्त मेमरी घेतो. पण पेज २ मेगाबाइटचं केलं, तर त्याच १५३६ नोंदींत ३ गिगाबाइटचा हिशेब बसतो. मोठ्या पेजचा मोह इथून येतो आणि तो रास्त आहे. मार्च २०११ मध्ये आलेल्या २.६.३८ या आवृत्तीपासून लिनक्स अशी मोठी पेजं प्रोग्रामने न मागताही देऊ शकतं.

मोठ्या पेजची एक अट असते. त्याची सुरुवात २ मेगाबाइटच्या पटीतल्या पत्त्यावरच व्हावी लागते. रिक व्हॅन रील हे लिनक्सच्या मेमरी व्यवस्थापनातलं जुनं आणि जाणतं नाव. त्यांनी सुचवलं की एखाद्या प्रोग्रामने २ मेगाबाइट किंवा त्याहून मोठी जागा मागितली, तर ती थेट या सीमेवरच सुरू करून द्यावी, म्हणजे मोठं पेज बसवायची सोय पहिल्यापासूनच होईल. कल्पना निर्दोष वाटते. २०२२ च्या अखेरीस ती कर्नलमध्ये आली आणि काही कामं भलतीच मंदावल्याच्या तक्रारी आल्यामुळे मागेही घ्यावी लागली. दुरुस्त्या करून ती परत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये ६.७ या आवृत्तीतून जगभर पोचली.

पुढे जे घडलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

स्पेक या संस्थेच्या २०१७ च्या चाचणीसंचात कॅक्टस-बीएसएसएन नावाचा एक प्रोग्राम आहे. तो आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं सोडवतो. हा प्रोग्राम मेमरीचे अनेक तुकडे मागतो आणि प्रत्येक तुकडा असतो ४६३२ किलोबाइटचा. २०४८ किलोबाइटची दोन मोठी पेजं बसवली की वर ५३६ किलोबाइट उरतात, म्हणजे लहान पेजं १३४. पूर्वी हे तुकडे एकमेकांना चिकटून बसत, त्यांची मिळून एक सलग मोठी जागा व्हायची आणि मोठी पेजं त्या सगळ्या जागेवर पसरायची. नव्या नियमाने प्रत्येक तुकडा पुढच्या सीमेपर्यंत सरकला आणि दोन तुकड्यांमध्ये पत्त्यांची १५१२ किलोबाइटची मोकळी जागा राहू लागली. सलगपणा गेला. त्याहून मोठं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं. कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत, आणि टीएलबीमध्ये कुठली गोष्ट कुठल्या खणात ठेवायची हे पत्त्यातल्या काही बिटांवरून ठरतं. सगळे तुकडे अगदी सारख्या सीमेवर सुरू झाल्यावर त्यांच्यातल्या सारख्या जागांचे पत्तेही सारखेच दिसू लागले, सगळ्यांची गर्दी मोजक्या खणांवर झाली आणि एकाने दुसऱ्याला बाहेर ढकलायला सुरुवात केली. काही मशीनवर हा प्रोग्राम ६०० टक्क्यांपर्यंत मंदावला. छायाचित्रकार वापरतात त्या डार्कटेबल या प्रोग्रामच्या संथपणाचा मागही याच बदलापर्यंत जाऊन पोचला.

सूसे कंपनीतले व्लास्टिमिल बाब्का यांनी उपाय केला तो एका अटीचा : मागितलेल्या जागेचं आकारमान २ मेगाबाइटच्या नेमक्या पटीत असेल, तरच ती सीमेवर बसवायची. ४६३२ ही ती पट नाही, त्यामुळे ते तुकडे पुन्हा एकमेकांशेजारी आले. इंटेलच्या यंत्रणेने चाळीस पट वेग नोंदवला तो याच अटीमुळे.

चाळीस पट कशात? ज्या चाचणीत हा आकडा आला ती मेमरीचा एक मोठा तुकडा मागते, तो लगेच परत करते आणि हेच चक्र अखंड फिरवत राहते. त्या तुकड्यात कुणी काही लिहीत नाही. फक्त तुकड्याच्या तोंडाशी, तो केवढा आहे याची, काही बाइटची नोंद होते. तुकडा सीमेवर बसलेला असताना तेवढ्या नोंदीसाठी कर्नलला अख्खं २ मेगाबाइटचं पेज द्यावं लागे, आणि देण्याआधी ते शून्यांनी भरून साफ करावं लागे. नव्या अटीनंतर तिथे ४ किलोबाइटचं पेज पुरू लागलं. साफसफाई ५१२ पटींनी घटली. ज्या चाचणीत जवळजवळ तेवढंच काम होतं, तिचा वेग आकाशाला भिडणारच.

आता टक्केवारीचं गणित पाहा. वेग ३८८८.९ टक्क्यांनी वाढला म्हणजे आधीचा वेग नव्याच्या चाळिसाव्या भागाएवढा होता. हीच दरी उलट्या बाजूने सांगितली तर ‘९७.५ टक्क्यांची घट’ होते. चढताना साडेतीन हजारांवर आणि उतरताना शंभराच्या आत! बातमीत पहिला आकडा येतो कारण तो डोळ्यांत भरतो. खरी बातमी ही होती की ६.७ पासून जवळपास दहा महिने काही लोकांची कामं विनाकारण मंद चालत होती आणि ती आता पूर्ववत झाली. ही बातमी त्या मानाने कुणी छापली नाही, याचं वाईट वाटतं.

या विषयाचा इतिहास मुंबईपर्यंत येतो. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याची मेमरी होती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, आजच्या भाषेत १० किलोबाइट. कुठला भाग कधी आत आणायचा आणि कधी बाहेर काढायचा हे त्या काळात प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच पाहायचं. १९६२ मध्ये मँचेस्टरच्या अ‍ॅटलास संगणकाने हा भार यंत्रावर टाकला. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कोअर मेमरी आणि संथ ड्रम मिळून एकच सलग मेमरी आहे असा देखावा उभा केला, ५१२ शब्दांच्या पेजांमध्ये. कुठलं पेज बाहेर काढायचं हा निर्णय आता यंत्राचा झाला, आणि त्याबरोबर तो निर्णय चांगला की वाईट हे ठरवायचं तरी कसं, हा प्रश्नही जन्माला आला.

आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये याचं शिस्तशीर उत्तर शोधलं. पुढे कुठलं पेज लागणार हे आधीच ठाऊक असलेला एक आदर्श निर्णय त्यांनी कागदावर मांडला आणि बाकीच्या पद्धती त्याच्या शेजारी ठेवून तपासल्या. तीन वर्षांनी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे दाखवलं ते अजूनही थक्क करतं. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने पेजं मागितली जात आहेत आणि जे आधी आलं ते आधी बाहेर, असा नियम आहे. मेमरीत तीन पेजांची जागा असेल तर ९ वेळा पेज बाहेरून आणावं लागतं. जागा वाढवून चार केली तर १० वेळा! मेमरी वाढली आणि काम मंदावलं. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे कोष्टक शिकवलं जातं, परीक्षेला येतं, गुण देऊन जातं. पण त्यातला इशारा किती जणांपर्यंत पोचतो? मेमरीच्या बाबतीत सहज सुचणाऱ्या अंदाजावर विसंबता येत नाही, मोजावंच लागतं, हे ते बारा आकडे सांगतात.

मोजायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो : कुठल्या कामावर? जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली खोट उघड झाली. प्रोग्रामपासून कर्नलची मेमरी लपवण्यासाठी दोघांचे पेजांचे तक्ते वेगळे करावे लागले, आणि त्यामुळे प्रोग्रामने कर्नलला हाक मारली की दर वेळी तक्ता बदलायची पाळी आली. याची किंमत किती? ज्यांनी बदल लिहिला त्यांनीच सांगितलं की बहुतेक कामांत सुमारे ५ टक्के, आणि त्यांना दिसलेलं सर्वांत वाईट उदाहरण नेटवर्कच्या एका चाचणीतलं, सुमारे ३० टक्क्यांचं. तेव्हा नेटफ्लिक्समध्ये असलेले ब्रेंडन ग्रेग यांनी प्रश्न वेगळ्या पद्धतीने मांडला. सेकंदाला कर्नलला किती हाका मारल्या जातात, हा घटक त्यांनी आडव्या अक्षावर घेतला आणि त्याप्रमाणे नुकसान कसं वाढत जातं ते काढलं. त्यांच्या मांडणीत हे नुकसान १ टक्क्यापासून ८०० टक्क्यांच्याही वर जाऊ शकत होतं. नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवर हाकांचं जे प्रमाण होतं त्यानुसार अंदाज निघाला ०.१ ते ६ टक्क्यांचा, आणि मोठी पेजं वापरून त्यातलंही बरंच भरून काढता येतं हे त्यांनी दाखवलं. ५ टक्के हा आकडा चुकीचा नव्हता. पण ग्रेग यांचा आलेख वाचणाऱ्याला स्वतःच्या सर्व्हरची जागा शोधता येते, आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या हातात काहीतरी पडतं. मोजमापाचा अहवाल असा असावा.

दुसरा प्रश्न : फायदा कुणाचा आणि भुर्दंड कुणाला? रेडिस या डेटाबेसचं उदाहरण घेऊ. मेमरीतला सगळा डेटा डिस्कवर उतरवण्यासाठी तो स्वतःची एक प्रत उभी करतो. दोघांमध्ये मेमरी सामाईक असते, आणि कुणी एखाद्या पेजवर लिहिलं की तेवढ्या पेजची नक्कल काढली जाते. पेज ४ किलोबाइटचं असेल तर ४ किलोबाइटची नक्कल. ते २ मेगाबाइटचं झालं की २०२० पर्यंतच्या लिनक्समध्ये एका बाइटच्या बदलासाठी २ मेगाबाइट उचलून दुसरीकडे ठेवावे लागत. तेवढ्यात ज्या ग्राहकाची विनंती आलेली असे तो ताटकळत राही. म्हणून रेडिसची अधिकृत माहितीपुस्तिका आपोआप मिळणारी मोठी पेजं बंद ठेवायला सांगते, तर मोठमोठ्या सरण्यांवर गणित करणाऱ्या प्रोग्रामला तीच पेजं वरदान ठरतात.

इथे सरासरीही फसवते. मुंबईच्या एखाद्या लोकलचा सरासरी उशीर दोनच मिनिटांचा असेल, पण ज्या दिवशी ती चाळीस मिनिटं रखडली त्या दिवशी परीक्षा असलेल्या मुलीला त्या सरासरीचा काय उपयोग? म्हणून चांगले विकासक शंभरातल्या पन्नासाव्या, पंचाहत्तराव्या, नव्व्याण्णवाव्या क्रमांकावर काय घडलं ते सांगतात. कुठलं पेज जुनं आणि कुठलं ताजं हे ठरवण्याची नवी पद्धत गूगलच्या यू झाओ यांनी लिहिली. ती डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत आली. तिच्यासोबतचे आकडे असे मांडले होते : पेजं मोकळी करणाऱ्या कर्नलच्या कामगाराचा प्रोसेसरवरचा वेळ ४० टक्क्यांनी कमी, पंचाहत्तराव्या क्रमांकावर मेमरीअभावी अ‍ॅप मारली जाण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांनी कमी, पन्नासाव्या क्रमांकावर अ‍ॅप उघडण्याचा वेळ १८ टक्क्यांनी कमी. यातला मधला आकडा सर्वांत मोलाचा. कमी मेमरीच्या स्वस्त फोनवर पैसे पाठवताना एसएमएस बघायला बाहेर पडलं आणि परत आलं तर पेमेंटचं अ‍ॅप पहिल्यापासून सुरू झालेलं असतं, हा अनुभव ज्यांना आहे त्यांच्या रोजच्या त्रासाचं ते माप आहे.

अँड्रॉइड १५ मध्ये पेजचं आकारमान ४ वरून १६ किलोबाइट करण्याची सोय आली, तेव्हाही गूगलने असाच पट मांडला. मेमरीची चणचण असताना अ‍ॅप उघडण्याचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनी घटला, काही अ‍ॅप्सचा मात्र ३० टक्क्यांपर्यंत. त्याबरोबर मेमरी सरासरीने थोडी जास्त लागते, हेही त्यांनी सांगितलं.

मग मोजायचं काय? पूर्वी पेज फॉल्ट मोजत. पण फॉल्टची संख्या फसवी असते. मेमरीत आधीच असलेलं पेज जोडून देणारा फॉल्ट मायक्रोसेकंदाच्या आसपास उरकतो, आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून पेज आणावं लागलं तर दहा मिलिसेकंद जातात. दोघांची नोंद ‘एक’ अशीच. फेसबुकमधल्या योहानेस वायनर यांनी यावर जो उपाय दिला तो गेल्या काही वर्षांतला सर्वांत शहाणा म्हणावा लागेल. डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीपासून लिनक्स मेमरीच्या दडपणाचं माप वेळेत देतं : मेमरीसाठी खोळंबल्यामुळे किती टक्के वेळ वाया गेला. निदान एक काम अडलेलं असताना गेलेला वेळ वेगळा आणि सगळीच कामं एकदम अडलेली असताना गेलेला वेळ वेगळा, आणि दोन्ही आकडे गेल्या १० सेकंदांचे, ६० सेकंदांचे, ३०० सेकंदांचे. मेमरी किती भरली आहे यापेक्षा कोण किती खोळंबलं हे विचारणारं हे माप आहे. मेमरी ९५ टक्के भरलेली असताना कुणीच खोळंबलेलं नसेल, तर काळजीचं कारण नाही.

आणि हे सगळं नीट ठरवूनही आकडा चुकू शकतो. २००९ मध्ये टॉड मायटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की प्रोग्राममध्ये काडीचाही बदल न करता केवळ शेलच्या पर्यावरण-चलांची लांबी बदलली, तरी वेग बदलतो. त्या चलांमुळे स्टॅकची सुरुवात मेमरीत थोडी पुढेमागे सरकते, एवढंच कारण. फायली कुठल्या क्रमाने जोडल्या यावरूनही निकाल फिरतो. कंपायलरची एखादी सुधारणा उपयोगी की घातक याचा निर्णय तेवढ्याने उलटू शकतो. त्यांनी नामांकित परिषदांमधले १३३ शोधनिबंध तपासले. मोजमापातल्या या दोषाची पुरेशी दखल एकानेही घेतली नव्हती. कर्नलच्या जगातही हेच दिसलं. इंटेलचे फेंग तांग यांना आढळलं की कंपनीच्या त्याच चाचणी-यंत्रणेने पकडलेल्या काही विचित्र मंदावण्यांचा झालेल्या बदलाशी संबंधच नव्हता. नव्या कोडमुळे बाकीची फंक्शनं मेमरीत जराशी सरकली होती, इतकंच. म्हणून फंक्शनं ठरावीक सीमेवर बांधून मोजण्याची सोय २०२० मध्ये कर्नलमध्ये आली.

नुकत्याच सुरू केलेल्या मशीनवर मोजणं हाही असाच सापळा. ताज्या मशीनवर सलग २ मेगाबाइटच्या जागा हव्या तेवढ्या मिळतात. आठवडाभर चाललेल्या सर्व्हरवर मेमरीचे इतके बारीक तुकडे झालेले असतात की मोठं पेज द्यायचं तर आधी पेजं हलवून जागा करावी लागते, आणि त्या हलवाहलवीचा खर्च वाट पाहणाऱ्या प्रोग्रामच्या माथी पडतो. मेल गॉर्मन यांनी तुकडेबंदीवर जवळपास दोन दशकं काम केलं आहे. त्यांचा एमएमटेस्ट्स हा चाचणीसंच खुला आहे, कुणालाही उतरवून घेता येतो. डिस्कवरची फाइल पहिल्या वाचनात डिस्कवरून येते आणि दुसऱ्यात मेमरीतून, हे विसरून ‘जुनं’ आणि ‘नवं’ कर्नल एकापाठोपाठ मोजणारे तर पुष्कळ भेटतात.

श्रोत्यांमध्ये शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, पुण्यामुंबईच्या कंपन्यांमधून सर्व्हर सांभाळणारे आहेत. त्यांना एक कळकळीची विनंती. बेलाडीचं कोष्टक कागदावर सोडवून झालं की त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या लॅपटॉपवर मोठी पेजं चालू आणि बंद करून एकच काम दहा-दहा वेळा चालवायला लावा. सरासरीशेजारी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळही लिहायला सांगा. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, कर्नलची आवृत्ती कुठली आणि मशीन किती वेळ चालू होतं, हे नसेल तर प्रयोगवहीवर सही करू नका.

आणि नव्या कर्नलवर तुमचं रोजचं काम मंद वाटलं, तर जुन्या आवृत्तीवर परत जाऊन गप्प बसू नका. दोन आवृत्त्यांमध्ये चौदा-पंधरा हजार बदल असले, तरी दर वेळी निम्मे वगळत गेलं की चौदा फेऱ्यांत दोषी बदल हाती लागतो. गिट-बायसेक्ट हे साधन तेवढंच करतं. डार्कटेबलचा संथपणा कुणा वापरणाऱ्याला खटकला आणि त्याने तो कळवला, म्हणून त्याची नोंद बाब्का यांच्या दुरुस्तीत झाली. तुमच्या मशीनवरची नोंदही अशीच नेमक्या आकड्यांसकट कर्नलच्या विकासकांना पाठवा. ती स्वीकारण्यासाठी पदवी किंवा कंपनीचं नाव विचारलं जात नाही.